डावा वेढा

मेलेला डोळा पुन्हा उघडत नाही. माणसाचा नाही आणि झाडाचाही नाही. म्हणून एकोणिसाव्या दिवशी सकाळी वहिनीने चिमणीची रांग मोजली, तेव्हा तिचा स्वतःच्याच बोटांवर विश्वास बसेना. ती पुन्हा पहिल्या पिशवीपाशी गेली आणि एकेक करत चाळिसाव्या पिशवीपर्यंत आली. चौतीस! चारच दिवसांपूर्वी इथे सव्वीस होते. मग आठ मेलेले डोळे काय झोपेतून उठून बसले?

वहिनी म्हणजे गवंड्याची बायको. वर्गातल्या बारा जणांत वयाने मोठी, म्हणून सगळ्यांचीच वहिनी. वर्ग होता नर्सरीत संत्र्याचे डोळे भरायचा. खुंटाची, म्हणजे रानटी रोपाची, साल चाकूने उकलायची, चांगल्या झाडाचा एक डोळा देठासकट काढून त्या सालीत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सांगायला एवढंच, पण हात बसायला वर्ष जातं. परीक्षाही सोपी. प्रत्येकाने एका दिवसात चाळीस पिशव्यांतल्या खुंटांवर डोळे भरायचे. एकविसाव्या दिवशी शिकवणाऱ्या बाई पट्ट्या सोडणार. ज्याचे सगळ्यांत जास्त डोळे हिरवे, त्याला नर्सरीत कायमचं स्टूल आणि स्वतःचा चाकू. जागा एकच होती. नियमही एकच होता: रांगेतली पिशवी बदलली किंवा घरच्या-दारच्या कुणाकडून बदलून घेतली, की नंबर बाद.

पट्टी सुटेपर्यंत निकाल कळत नाही असं बाई म्हणायच्या, पण बाराही जण देठाला हात लावून बघायचेच. डोळा जगला असेल तर त्याचा देठ नुसत्या बोटाने टपकन गळतो, मेला असेल तर काळा पडून चिकटून बसतो. यंदा चौथ्या दिवसापासून पाच दिवस असा गरम वारा सुटला होता की हिरव्या जाळीच्या आत माणसंसुद्धा ओली फडकी डोक्यावर घेऊन बसली. त्या वाऱ्याने डोळे पटापटा वाळले. तरी वहिनीचे एकतीस जगले होते. तिच्या खालोखाल चिमणी. अंगाने एवढीशी, पण आवाज सगळ्या जाळीला पुरून उरणारा, वीस वर्षांची ट्रक ड्रायव्हरची पोर. तिचे सव्वीस होते.

होते! आणि आता चौतीस!

राग आला, हे तर खरंच. पण खरं सांगायचं तर रागाच्या आत एक उकळीही फुटत होती. चोर सापडला होता, आणि तो फक्त तिला सापडला होता. अकरा वर्षं तिने याच नर्सरीसाठी पिशव्यांत माती भरली होती. उकिडवं बसून, कंबर मोडेपर्यंत. नखांत माती इतकी रुतली होती की लग्नकार्याला जाताना ती हात पदराखाली ठेवायची. आता स्टूल समोर दिसत होतं. मध्ये होती फक्त एक चिमणी, आणि चिमणी उडवायला एक वाक्य पुरे होतं.

वहिनीचा नंबर तीन आणि चिमणीचा सहा. पहिल्याच दिवशी वर्गातला पहिलवान म्हणाला होता, "या दोघींचा छत्तीसचा आकडा आहे हं, बाई, जपून!" सगळे हसले होते. वहिनीही हसली होती.

संध्याकाळी घरी अंगणात मातीचा ढीग पडला होता. सगळं घर त्याच्याभोवती बसलं. गवंडी चाळण हलवत होता, सासूबाई पिशव्यांची तोंडं उघडून देत होत्या, वहिनी भरत होती आणि आबा, म्हणजे तिचे सासरे, भरलेल्या पिशव्या आपटून माती बसवत होते. वहिनीने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"सांग!" सासूबाईंनी पिशवीच फेकली. "उद्या सकाळी आधी बाईंना सांग, मग डबा उघड. हे बरं आहे! आपण वाऱ्यात होरपळायचं आणि या बयेने परस्पर पिशव्या बदलायच्या?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," गवंडी चाळण न थांबवता म्हणाला. "पुरावा आहे का? नाही. उद्या ती म्हणेल, वहिनीच जळते माझ्यावर. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"तू गप रे. भिंतीशी बोलून बोलून तुझी भिंत झाली आहे."

आबा मात्र पिशव्या आपटतच राहिले. आधी तीस वर्षं ते त्याच नर्सरीत डोळे भरायचे. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा हात नव्हता, आणि तोही डावा. पुढे दोन्ही डोळ्यांवर पडदा आला. दुसऱ्यांचे डोळे भरता भरता आबांचेच डोळे गेले, असं लोक म्हणत. मालकाने त्यांच्या हातात पाण्याची नळी दिली. आता ते दिवसभर रांगांना पाणी घालायचे.

मग ते म्हणाले, "तुझे किती म्हणालीस?"

"एकतीस, आबा."

"एकतीसच?"

"एकतीसच."

"नीट मोजलेस ना? एकोणचाळीस असतील."

"असते तर काय हवं होतं!" वहिनी हसली.

आबा हसले नाहीत. हातातली पिशवी आपटता आपटता फुटली आणि माती त्यांच्या पायांवर सांडली. तरी ते तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे डबे घेऊन शेडमध्ये गेले, तेव्हा वहिनी मागे राहिली. पुरावा हवा होता ना, मग पुरावाच शोधायचा. जाळीच्या आत हिरवा उजेड होता आणि ओल्या मातीचा वास कोंडला होता. ती सहा नंबरच्या रांगेपाशी गुडघ्यांवर बसली आणि नाक लावून एकेक पिशवी बघू लागली. बदललेली पिशवी ओळखू येणारच. माती वेगळी असेल, खुंट जाड असेल, काहीतरी असेल! लहानपणी लपंडावात कुणीतरी सापडणार असं वाटलं की व्हायचं, अगदी तसंच तिला झालं होतं.

सातव्या पिशवीत तिला सापडलं.

पट्टी उलटी होती. सगळ्या जगाची पट्टी उजवीकडून वेढे घेत वर चढते, ही डावीकडून चढली होती. शेवटची गाठही दुसऱ्या अंगाला. अकराव्या पिशवीत तसंच. मग चौदा, पंधरा, बावीस. वहिनी गुडघ्यांवरच सरकत गेली. आठ पिशव्या आणि आठही डावे वेढे, एकाला एक चिकटून, केसाची फट नाही. असा वेढा बारा जणांत कुणाला जमत नव्हता. सगळ्या नर्सरीत डावरा हात एकच होता.

वहिनीचं बोट त्या वेढ्यावरच राहिलं.

"वहिनी?"

मागे चिमणी उभी होती, हातात अर्धा खाल्लेला डबा. तिने वहिनीला बघितलं, पिशवीवरचं तिचं बोट बघितलं आणि मटकन खाली बसली.

"सांगणार आहेस का गं?"

"तू बदलल्यास?"

"आईशप्पथ नाही! मी सोळाव्या दिवशी आले तर आठ जास्त. मी दोनदा मोजले, तीनदा मोजले." चिमणीचा तो दणकट आवाज आज कुजबुजत होता. "म्हटलं, देव पावला. आता देवाला कोण विचारणार, बाबा रे, पिशव्या कुठून आणल्यास?"

दुसरी वेळ असती तर वहिनी पोट धरून हसली असती. आता तिने नुसती मान हलवली, उठली आणि पाण्याच्या टाकीकडे जवळजवळ पळतच गेली.

आबा टाकीच्या सावलीत नळीचं वेटोळं करत बसले होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"बघितलंस?"

"आबा, तुम्ही? चिमणीला? ती कोण लागते तुमची?"

"चिमणीला कशाला देऊ? तुला दिल्या." आबांचा आवाज चिरका झाला. "परीक्षेच्या दिवशी उरलेल्या डोळ्यांच्या काड्या मी घरी नेल्या. मागच्या भिंतीशी पडलेल्या खुंटांच्या दहा पिशव्यांत डोळे भरले, नुसत्या बोटांनी चाचपून. हात विसरू नये म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. पण ते जगले गं! त्या वाऱ्यात आठ जगले. आणि तुझे नऊ गेले. मग राहवेना. तुम्ही सगळे जेवायला बसलात तेव्हा पाण्याच्या गाड्यावर घालून आणल्या. पाटीवरचा आकडा बोटांनी चाचपून रांग शोधली, मेलेल्या उचलल्या, या ठेवल्या."

"पण माझी रांग तीन नंबरची!"

"तीनच! तूच तर काढून दाखवलास आकडा."

वहिनीला आठवलं. पाच दिवसांपूर्वी माती चाळताना आबांनी सहज विचारलं होतं, तुझा आकडा दिसतो कसा गं? आबांची शाळा तिसऱ्या दिवशीच संपली होती, डाव्या हाताने पाटी धरली म्हणून. तिने चाळलेल्या मातीत बोटाने मोठा तीन काढला होता आणि आबांनी तो बोटांनी चाचपून पाठ केला होता. ती बसली होती अलीकडे आणि आबा पलीकडे. तिच्याकडून तिनाची पोटं उजवीकडे होती. आबांकडून डावीकडे.

आबांनी टाकीच्या ओल्या कडेवर तो आकडा काढला. "हा बघ. हाच ना?"

तो सहा होता.

वहिनीला हसू आलं, रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे नुसतीच उचकी लागली. आबा घाबरून तिच्याकडे चेहरा करून बसले. त्यांच्या निळसर पडद्यांच्या डोळ्यांना ती कुठेतरी अंधुक दिसत असेल.

"काय झालं गं? हा नाही का?"

"हाच, आबा," ती म्हणाली. "पण माझ्या बाजूने नाही."

त्या दिवशी घरी कुणाला जेवण गेलं नाही. सासूबाईंनी आधी आबांना फैलावर घेतलं, मग सुनेचा हात घट्ट धरला.

"हे बघ, चूक आपली, पण पिशव्या तिच्या रांगेत आहेत. तू फक्त एवढंच सांग, सहा नंबरच्या पिशव्या बदलल्या आहेत. खोटं आहे का हे? नाही ना?"

"आणि चिमणी?"

"ती गप्प बसली होती ना चार दिवस? मग बसू दे आता घरी."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. वहिनीने रात्र कूस बदलत काढली. गप्प राहिलं तर चौतीसच्या पुढे एकतीस हरणार. अर्धं सांगितलं तर स्टूल आपलं. पूर्ण सांगितलं तर आपला नंबर बाद, आणि आबांची नळीही जाणार. पहाटे डोळा लागला तेव्हाही काही ठरलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी जाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. पॅकिंगवाल्या बायका आल्या, ट्रॅक्टरवाला आला, दारावरचा राखणदारसुद्धा दार सोडून आला. एका कोपऱ्यात आबा नळी धरून उभे होते. नळीतून पाणी येत नव्हतं, तरी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती. बाईंनी चाकू पुसला, एक नंबरच्या रांगेपाशी स्टूल ठेवलं आणि पहिली पट्टी सोडली.

"हिरवा!" कुणीतरी ओरडलं, आणि मग थांबायचं नावच नाही. हिरवा! काळा! हिरवा! एक नंबर चोवीस. दोन नंबर अठरा. तो वर्गभर पेंगायचा, त्याला स्वतःलाच अठरांचं नवल वाटलं. तीन नंबर आला आणि वहिनीने ओठ चावून धरले. हिरवा, हिरवा, हिरवा. पॅकिंगवाल्या बायका टाळ्यांवर मोजू लागल्या. अठ्ठावीस! एकोणतीस! तीस!

"एकतीस!" बाई उठून उभ्या राहिल्या. त्या कधी हसायच्या नाहीत, आज हसल्या. "या वाऱ्यात एकतीस म्हणजे गंमत नाही."

तो टाळ्यांचा आवाज वहिनीला हवा होता, किती हवा होता ते तिला आत्ता कळलं. चार नंबर बावीस, पाच नंबर पहिलवान, त्याचे तेवीस. बाईंनी स्टूल उचललं आणि सहा नंबरच्या पाटीपाशी ठेवलं.

"बाई," पहिलवान म्हणाला, "ही रांग जरा डोळ्यांत तेल घालून बघा. आठवड्यापूर्वी मी मोजली होती. चौदा मेले होते. आता बघा."

बाईंनी वाकून रांगेवरून नजर फिरवली, देठांना बोट लावत गेल्या आणि मग चिमणीकडे वळल्या.

"पिशव्या बदलल्यास?"

"नाही, बाई."

"मग मेलेले जिवंत कसे झाले?"

चिमणीने वहिनीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर वहिनीला राग तरी आला असता. चिमणी नुसती आपल्या पायांकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. बायकांत कुजबुज सुरू झाली. चोरटी कुठली. ड्रायव्हरची पोर ना ती? दिसतंच तोंडावर.

बाईंनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं.

आता तर काही सांगायचीही गरज नव्हती. तोंड मिटून उभं राहायचं, बस. समोर स्टूल होतं, हाताच्या अंतरावर. तिला तो चाकू मुठीत धरल्यासारखा वाटत होता, त्याची लाकडी मूठ, तिचा गरमपणा. आणि त्याच वेळी तिला कळलं की ती मूठ आयुष्यभर अशीच गरम राहील, चटका बसेल इतकी.

"थांबा!" ती ओरडली. एवढ्या मोठ्याने, की राखणदार दचकला. "बाई, तिने नाही बदलल्या. त्या आमच्या घरच्या आहेत. माझ्या रांगेत ठेवायच्या होत्या, आकडा चुकला. पट्टी बघा, डावीकडून आहे!"

बाई खाली वाकल्या. एक पिशवी हातात घेऊन त्यांनी तो वेढा बघितला आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्या स्वतः पहिला वेढा कुणाकडून शिकल्या होत्या हे जाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी कोपऱ्यात बघितलं.

"आबा?"

"मी," आबा म्हणाले. "सूनबाईला माहीत नव्हतं. काल कळलं तिला. तिला काढू नका, बाई. मला काढा."

"दोघांनाही काढावं लागेल, आबा." बाईंचा आवाज कापला, पण पेन कापलं नाही. "घरच्यांनी बदलली तरी नंबर बाद, हा नियम मीच सांगितला होता. तीन नंबर बाद. आणि ती नळी ठेवा खाली. उद्यापासून दुसरा माणूस येईल."

त्यांनी तीन नंबरवर आडवी रेघ मारली. मग त्या आठही पट्ट्या त्यांनी सोडल्या, सावकाश, एकेक. आठही डोळे हिरवेगार होते. ते आठ वगळून बाईंनी चिमणीचे सव्वीस लिहिले. सातपासून बारापर्यंत कुणीच पंचविसाच्या वर गेलं नाही. चाकू चिमणीला मिळाला. ती तो हातात घेऊन वहिनीसमोर येऊन उभी राहिली.

"धार बघ आधी," वहिनी म्हणाली. "बोथट असला तर साल फाटते." आणि मागे न बघता ती बाहेर पडली. बाईंनी हाक मारली, पुढच्या हंगामात नाव पुन्हा लिहीन म्हणाल्या. तिने ऐकलं, पण तेव्हा तिला थांबणं शक्य नव्हतं.

रस्त्यावर ऊन रणरणत होतं. आबा तिच्या मागून भिंतीला हात लावत येत होते. तिने त्यांचा हात धरला नाही. ती चिडली होती. दोन दिवस गिळलेलं सगळं आता वर आलं होतं.

"मी तुझं नुकसान केलं," आबा म्हणाले.

"हो, केलंत," ती म्हणाली. "माझे एकतीस होते, आबा. माझे! मला कुणाचे नको होते. तुम्हाला एवढाही भरवसा नव्हता?"

आबा थांबले. मग ते पुन्हा चालू लागले, आणि आता तिच्या पुढे. गल्लीच्या तोंडाशी आज नंबर लागणार अशी सासूबाईंनी आधीच दवंडी पिटली होती, हे उघड दिसत होतं. दारादारांत बायका उभ्या होत्या, सायकल दुरुस्तीवाला पाना हातात घेऊन बाहेर आला होता, आणि सासूबाई पार टोकाला, आपल्या दारात, टाचा उंच करून बघत होत्या.

"काय, वहिनी? लागला का नंबर?" पहिल्याच दारातून प्रश्न आला.

तेवढ्यात आबा त्या दारासमोर उभे राहिले. ज्यांचा आवाज घरातल्या घरात ऐकू यायचा नाही, ते आबा ताठ झाले, छाती भरून घेतली आणि ओरडले.

"एकतीस! एकतीस लागले तिचे! सगळ्यांत जास्त! नंबर गेला तो माझ्यामुळे. मी पिशव्या बदलल्या. मी!"

दारातली बाई पदर तोंडाला लावून बघतच राहिली. आबा पुढच्या दारापाशी गेले. चौकट हाताने चाचपून घेतली, कुणी आहे का तेही न विचारता पुन्हा ओरडले. "एकतीस! सगळ्यांत जास्त! घालवले ते मी!" सायकलवाल्याच्या हातातला पाना खाली पडला. पोरं धावत मागे लागली. चौथ्या दारापर्यंत त्यांचा आवाज बसला होता, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी प्रत्येक दारात तोच आकडा, तेवढ्याच जोराने.

"अहो, गप्प बसा!" टोकाहून सासूबाई किंचाळल्या. "आवर गं त्यांना! अब्रू काढतायत चव्हाट्यावर!"

वहिनीने पाऊल उचललं, ते आबांना थांबवायलाच. तिने त्यांचा डावा हात धरला, तो घामाने भिजला होता. तिने तो सोडला नाही आणि त्यांना ओढलंही नाही. पुढच्या दाराची पायरी उंच होती, ती त्यांना दिसली नसती.

"पायरी आहे, आबा," ती म्हणाली. "जपून."

घरापर्यंत अजून सहा दारं राहिली होती.